अठराव्या दिवसानंतर

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘हवापाणी’ हा विषय मुक्रर केला आणि घरी बसून लिहिण्यापेक्षा जिथे काही घडत असेल तिथे जाऊन, पाहून लिहावे, अशी पत्रात ताकीदही दिली. विषय वाचताच मला कऱ्हाडहून पाटणकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे एक लहानसे अंडी उबवणी केंद्र आठवले. कारण हवा आणि पाणी या दोहोंचा जमाखर्च इतक्या काटेकोरपणे, रात्रंदिवस आणि इतक्या लहान जिवाच्या वतीने ठेवला जात असलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही.

श्रावणाची झड लागली होती. कोयनेच्या काठची भातखाचरे तुडुंब भरलेली, रस्त्याच्या कडेला शेवाळ माजलेले, भिंतींना हातभर ओल चढलेली. आणि अशा त्या जलमय प्रदेशात, घराच्या मागील पडवीला जोडून बांधलेल्या खोलीत मी पाऊल टाकले, तेव्हा केंद्राचे मालक जमिनीवर बसून यंत्राच्या तळातील उथळ तबकात जपून कोमट पाणी ओतत होते. बाहेर एवढा पाऊस कोसळत असताना आत पाण्याची वाण कशी, हा माझा पहिला प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर समजून घेण्यातच दुपार सरली.

खोलीत कपाटांसारखी दोन यंत्रे आहेत. पहिले सेटर. त्यात फलित अंडी रुंद टोक वर करून ट्रेमध्ये मांडतात, ट्रे दर तासाला एकदा या बाजूस व एकदा त्या बाजूस कलतात, आणि अंडी तिथे अठरा दिवस राहतात. अठराव्या दिवशी ती दुसऱ्या यंत्रात, म्हणजे हॅचरमध्ये, आडवी ठेवली जातात. कलणे थांबते, उष्णतामान किंचित उतरवले जाते आणि आर्द्रता चढवली जाते. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडतात. पहिल्या अठरा दिवसांचा कारभार नियमाने चालतो आणि बराचसा यंत्रावर सोपवता येतो. उरलेल्या तीन दिवसांत मात्र माणसाची खरी परीक्षा होते, आणि बहुतेक नुकसानही त्याच तीन दिवसांत होते. म्हणून या लेखात मी मुख्यतः त्यांच्याविषयीच लिहिणार आहे.

तापलेल्या हवेची तहान

बाष्प धारण करण्याची हवेची शक्ती उष्णतामानाबरोबर झपाट्याने वाढते, हे शाळेत आपण सर्वांनीच वाचलेले असते. परंतु त्याचा अर्थ उबवणीच्या खोलीत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल. त्या दिवशीच्या पाटणच्या हवेचे उष्णतामान २४ अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ९५ टक्के धरली, तर तीच हवा यंत्रात शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापताच, तिच्यातील बाष्प तिळमात्र कमी न होता, तिची आर्द्रता ४४ टक्क्यांच्या आसपास उतरते. पावसात निथळणारी हवा यंत्राच्या आत कोरडी ठरते ती अशी. कोकणातल्या आषाढात, २८ अंश आणि ९० टक्के अशा चिंब हवेचेही यंत्रात ५३ टक्केच होतात. म्हणजे पहिल्या अठरा दिवसांना ती आपसूक पुरते, अखेरच्या तीन दिवसांना पुरत नाही.

याहून विलक्षण गोष्ट थंडीची. पौषातल्या पहाटे गवतावर दव साचलेले असते आणि हवा ओलसर भासते; परंतु १२ अंशांची ती हवा ८० टक्के ओली असली तरी यंत्रात तापल्यावर जेमतेम १७ टक्क्यांवर येते. चंद्रपुराकडच्या वैशाखात ४२ अंशांची आणि १५ टक्क्यांची हवा घेतली तर यंत्रात तिचे १९ टक्के होतात. थोडक्यात, विदर्भातला उन्हाळा आणि घाटमाथ्यावरची थंडी ही दोन टोके आपल्या अंगाला कितीही भिन्न वाटली, तरी अंड्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच शुष्क ऋतू आहेत.

आर्द्रता मोजण्याची येथील रीत जुनी आहे. दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले असतात. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्यावर सुती कापडाची वात चढवून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडलेले. पाणी उडताना थंडावा होतो, त्यामुळे ओला पारा कोरड्याच्या खाली राहतो, आणि हवा जितकी कोरडी तितके हे अंतर मोठे. या धंद्याची बोली अजून फॅरनहाइटची आहे: कोरडा पारा साडेनव्व्याण्णव आणि ओला पंच्याऐंशी, म्हणजे सुमारे ५५ टक्के आर्द्रता, हे सेटरचे प्रमाण, हॅचरमध्ये ओला पारा नव्वदपर्यंत न्यायचा, म्हणजे सुमारे ७० टक्के. मालकांच्या पत्नी, ज्यांना गावात सगळे काकू म्हणतात, त्या दर दोन तासांनी दिवा धरून दोन्ही आकडे वाचतात आणि वहीत मांडतात. वातीवर क्षारांचा थर चढला की पाणी नीट उडत नाही, ओला पारा खोटाच वर राहतो आणि आर्द्रता आहे त्याहून अधिक भासते. म्हणून नवी अंडी हॅचरमध्ये घालताना त्या जुनी वात काढून टाकतात आणि बाटलीत उकळून गार केलेले पावसाचे पाणी भरतात.

पाणी कसे वाढवावे, यातही एक मर्म आहे. तबकात पाणी बोटभर असो की वीतभर, हवेत जाणारे बाष्प पाण्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असते, खोलीवर नाही. सबब तबक काठोकाठ भरल्याने मुदत लांबते, आर्द्रता वाढत नाही. आर्द्रता वाढवायची तर दुसरे तबक ठेवावे, किंवा स्पंजाचे अगर जाड सुती कापडाचे तुकडे पाण्यातून वर येतील असे उभे करावेत. आणि पाणी कोमटच हवे, कारण गार पाणी ओतले की यंत्राचे उष्णतामान घसरते.

वजनाची वही

एवढी ओल जर चांगली, तर ती पहिल्या दिवसापासून का ठेवू नये? या प्रश्नाचे उत्तर एका साध्या तराजूत आहे.

अंड्याचे कवच आपल्याला अभेद्य भासते, परंतु त्यात हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. एका कोंबडीच्या अंड्यात ती दहा हजारांच्या घरात भरतात. त्यांतून प्राणवायू आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पाण्याची वाफही निसटत राहते. हर्मन रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बफेलो येथे अंड्याच्या या श्वसनाचा अनेक वर्षे अभ्यास केला; त्यांनी १९७९ साली मांडलेल्या हिशेबानुसार ६० ग्रॅमचे अंडे एकवीस दिवसांत सुमारे ६ लिटर प्राणवायू घेते, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते आणि ११ लिटर बाष्प गमावते. हे पाणी गमावणे ही हानी नव्हे, ती पिल्लाची गरज आहे. जेवढे पाणी उडते तेवढी अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेची पोकळी मोठी होते, आणि कवच फुटण्याआधी पिल्लाला आयुष्यातला पहिला श्वास त्या पोकळीतच घ्यायचा असतो. आर्द्रता अतिरिक्त ठेवली तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगलेले व पाणथळ होते, त्याला आत वळायला जागा उरत नाही, आणि कित्येकदा उरलेल्या द्रवातच ते गुदमरते. उलटपक्षी अंडे फार सुकले तर पिल्लू लहान व दुर्बळ निपजते आणि आवरणाला चिकटून बसते.

अठराव्या दिवसापर्यंत मूळ वजनाच्या साधारण बारा टक्के घट व्हावी, हा जगभरचा अनुभव आहे. काकूंच्या वहीतले एक पान मी उतरवून घेतले. तीस अंड्यांचा ट्रे, प्रत्येक अंडे सरासरी ५० ग्रॅमचे, म्हणजे आरंभी अंड्यांचे वजन १५०० ग्रॅम. बारा टक्के म्हणजे १८० ग्रॅम. अठरा दिवसांत १८०, तर दिवसाला दहा. इतक्या सरळ हिशेबाने त्या दर तीन दिवसांनी ट्रे तोलतात. तीन दिवसांत ३० ग्रॅमऐवजी २० च उतरले तर तबक काढून घेतात. ४० उतरले तर आणखी एक ठेवतात. तापमापक चुकेल, स्वस्तातला आकडे दाखवणारा आर्द्रतामापक तर हमखास चुकेल, पण तराजूला फसवता येत नाही. या धंद्यात नव्याने पडणाऱ्या कोणालाही मी आधी तराजू घ्यायला सांगेन, मग यंत्र.

चोच कवचाला लागते तेव्हा

एकोणिसाव्या दिवशी रात्री हॅचरच्या काचेपाशी बसलो असता प्रथम काहीच दिसले नाही. ऐकू मात्र आले. अखंड, बिनचिरेच्या अंड्यांतून बारीक चिवचिव येत होती. पिल्लाने आतले पातळ आवरण चोचीने भेदले होते आणि ते पोकळीतली हवा घेऊ लागले होते. या घटकेला पोकळीतील हवेत प्राणवायू सुमारे १४ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ६ टक्क्यांच्या आसपास असतो. आश्चर्य असे, की मोठ्या प्राण्याच्या फुप्फुसातल्या हवेचेही प्रमाण जवळजवळ हेच असते. तोवर कवचाच्या आतून पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याने श्वसन चालवलेले असते. आता ते काम फुप्फुसांकडे यायचे असते, आणि ही सोपवणूक एका झटक्यात होत नाही.

पहाटे एका अंड्याच्या रुंद टोकापासून थोड्या खाली ताऱ्यासारखी एक भेग उमटली, एका टिकलीएवढी खपली उचलली गेली आणि तिच्यातून चोचीचे टोक दिसले. त्या टोकावर पांढरा टणक कण असतो, जो फक्त याच कामासाठी येतो आणि पुढे गळून पडतो. मानेमागचा एक स्नायू याच दिवसांत फुगून त्याला बळ देतो. एवढे झाल्यावर पिल्लू थांबले. तास गेले. चोच अधूनमधून उघडे, मिटे. बाकी सारे निश्चल. घरातली दहा-अकरा वर्षांची नात काचेला नाक लावून पाहत होती. ती कळवळून म्हणाली, “आजी, ते दमलंय गं. आपण सोलून काढूया का?”

“दमलं न्हाई ते,” काकू म्हणाल्या, “रगत आत घेतंय. आत्ता सोललंस तर रगत वाहून मरंल.”

कोणत्याही ग्रंथातील परिच्छेदापेक्षा हे उत्तर मला अधिक नेमके वाटले. पहिली भेग पडल्यापासून बारा ते चोवीस तासांच्या या विरामात आवरणातील वाहिन्यांमधले रक्त पिल्लाच्या शरीरात ओढले जाते आणि उरलेला पिवळा बलक नाभीवाटे पोटात घेतला जातो. बाहेरून जी निष्क्रियता दिसते ती आतून अखेरची आवराआवर असते. ती संपली की पिल्लू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आतल्या आत फिरू लागते, फिरता फिरता कवच कापत जाते आणि झाकण उडवून ओलेचिंब बाहेर पडते. माझ्यासमोर हे सर्व अर्ध्या-पाऊण तासात उरकले.

या काळात ओल हवी ती एवढ्याचसाठी. भेग पडली की आतले आवरण प्रथमच उघड्या हवेला भेटते. हवा ओलसर असेल तर ते मऊ राहते आणि पिल्लू त्याच्या आत सहज फिरते. हवा कोरडी असेल तर ते सुकून चामड्यासारखे ताणले जाते, पिसांना चिकटते आणि पिल्लाला जागच्या जागी जखडून टाकते. यंत्राचे दार क्षणभर उघडले तरी साठवलेली ओली हवा बाहेर पडते आणि खोलीतली थंड हवा आत येऊन, तापून, भेग पडलेल्या प्रत्येक अंड्यातले पाणी ओढू लागते. एक पिल्लू पाहण्यासाठी दार उघडावे आणि पाच जखडावीत, असा हा व्यवहार आहे. जन्मलेल्या पिल्लांची काळजी करण्याचेही कारण नसते. पोटातल्या बलकावर ती दिवसभर, किंबहुना त्याहूनही अधिक काळ, अन्नपाण्यावाचून सुखरूप राहतात. शिवाय ओली पिल्ले सुकताना त्यांच्या अंगचे पाणी हवेत जाऊन आर्द्रता आपोआप चढते, आणि त्याचा लाभ मागे राहिलेल्या अंड्यांना मिळतो.

झरोके

आता या विषयातल्या सर्वांत घातक गैरसमजाकडे वळतो. यंत्राला हवा आत येण्यासाठी आणि बाहेर जाण्यासाठी झरोके असतात. अठराव्या दिवशी आर्द्रता चढवायची, आणि झरोके बुजवले की ती खरोखरच चढते; ओला पारा तासाभरात नव्वदीवर जातो, आणि नवशिक्याला वाटते, काम फत्ते झाले.

लांजा तालुक्यातील एका वाडीत एका बाईंकडे पन्नास अंड्यांची थर्माकोलची पेटी आहे: एक बल्ब, एक लहान पंखा, उष्णतामान राखणारा कळीचा डबा आणि चार भोके. खुडूक कोंबड्यांवर विसंबून वर्षभर पिल्ले मिळत नाहीत, म्हणून त्यांनी ती घेतली. पहिल्याच खेपेस अठराव्या दिवशी आर्द्रता पन्नासच्या पुढे सरकेना, तेव्हा त्यांनी चारही भोकांवर चिकटपट्टी लावली. विसाव्या दिवशी पेटीतून चिवचिव ऐकू आली, एकविसाव्या दिवशी थांबली. एकाही अंड्याला भेग नव्हती.

काय घडले याचा हिशेब मांडता येतो. अखेरच्या दिवसांत एक अंडे दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक प्राणवायू घेते. पन्नास अंडी, म्हणजे पंचवीस लिटरांहून अधिक. पेटी साठ लिटरची धरली, तर तिच्यातल्या सगळ्या हवेत मिळून प्राणवायू असतो साडेबारा लिटर. पूर्ण हवाबंद पेटीत तो अर्धा दिवसही पुरायचा नाही, आणि तो संपण्याच्या पुष्कळ आधी पिल्ले निपचित पडतात. पहिल्या आठवड्यात हीच भोके बुजवली असती तर कदाचित काही बिघडले नसते, कारण तेव्हा गर्भाची गरज नगण्य असते. नेमक्या ज्या दिवशी हवेची गरज कमाल होते, त्याच दिवशी ओलीच्या लोभाने माणूस हवा तोडतो. पाटणच्या मालकांचे म्हणणे असे: “पाणी कमी पडलं तर पिल्लू चिकटतंय, हवा कमी पडली तर गुदमरतंय. चिकटलेल्यातलं एखादं तरी वाचतंय.” ओल पाण्याच्या तबकाने वाढवावी, झरोक्याने नव्हे, आणि पिल्ले फुटू लागली की झरोके उलट अधिक उघडावेत, हा त्यांचा दंडक आहे.

पुढल्या खेपेस लांज्याच्या बाईंनी भोके मोकळी ठेवली आणि आत स्पंजाचे ओले तुकडे उभे केले. पेटी पिल्लांनी भरली.

ही जाण नवी नाही. इजिप्तमध्ये मातीच्या भल्यामोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवण्याचा पेशा शतकानुशतके चालत आला. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ च्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. तिथले कारागीर अंडे पापणीला लावून त्याची ऊब अजमावत, आणि घुमटाच्या माथ्यावरील भोके उघडझाप करून हवा व उष्णता राखत. आपल्याकडील खुडूक कोंबडीही दिवसातून एकदा-दोनदा उठून दाणापाणी करते, तेवढ्यात अंड्यांना वारा मिळतो. अखेरच्या दिवसांत मात्र ती जवळजवळ उठतच नाही, तिच्या अंगाखालची ओल राहते, आणि तरीही टोपलीतल्या गवतातून हवा खेळतच असते.

वीज गेल्यावर काय करावे, याचे उत्तरही इथेच आहे, आणि ते अनेकांना उलटे वाटते. सेटरमध्ये कोवळी अंडी असतील तर दार घट्ट ठेवून ऊब धरावी. पण भरलेल्या हॅचरमधली पिल्ले स्वतःच उष्णता निर्माण करीत असतात. पंखा थांबताच तिथे थंडीपेक्षा गुदमरण्याचे आणि तापण्याचे भय मोठे. म्हणून मालक वीज गेल्याची खबर लागताच प्रथम हॅचरचे दार किलकिले करतात, मग जनरेटरकडे धावतात.

उरलेली अंडी

बाविसाव्या दिवशी पिल्ले डब्यांत भरून रवाना झाली आणि न फुटलेली अंडी एका घमेल्यात गोळा झाली. पुष्कळ ठिकाणी ती तशीच खड्ड्यात जातात. येथे मालक ओट्यावर बसून एकेक फोडतात आणि काकू लिहून घेतात. या कामात त्यांनी कधी हयगय केल्याचे कोणी सांगत नाही.

माझ्यासमोर फोडलेल्या दोन अंड्यांचे वर्णन करतो. पहिल्याची पोकळी नाण्याएवढीच होती. कवच काढताच पिवळसर पाणी ओघळले, आतले पिल्लू पूर्ण वाढलेले, पण सुजलेले, आणि चोच पोकळीपर्यंत पोहोचलेलीच नव्हती. “याला अठरा दिवस ओल जास्त झाली,” मालक म्हणाले, आणि अंड्याच्या जाड, गुळगुळीत कवचावरून बोट फिरवून पुढे म्हणाले, “कवच जाड, पाणी उडालंच नाही.” दुसऱ्यात भेग पडलेली होती, पोकळी पुरेशी मोठी, बलक पोटात गेलेला, परंतु भेगेच्या कडेचे आवरण तपकिरी, करकरीत झालेले, आणि मानेची लव त्यात रुतून बसलेली. या अंड्याने सारे नीट केले होते, आणि अखेरच्या टप्प्यावर त्याला कोरडी हवा लागली होती. मालकांनी वही मागे चाळली: आदल्या दिवशी सकाळी विजेच्या खोळंब्यात दार बराच वेळ उघडे राहिले होते, त्याची नोंद तिथे होती.

ही दोन मरणे बाहेरून अगदी सारखी दिसतात: फुटले नाही ते अंडे. फोडून पाहिल्याखेरीज एकाचा इलाज दुसऱ्याला लावण्याची चूक अटळ आहे. कारण एकाला पाणी कमी हवे होते, दुसऱ्याला अधिक.

पुणे हे तर या धंद्याचे माहेरघर. खडकीचे सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र तिथलेच, आणि १९७१ साली बी. व्ही. राव यांनी सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा कारभारही तिथूनच चालतो. मोठ्या यंत्रांत आज आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड क्षणोक्षणी मोजला जातो आणि झरोके आपोआप हलतात. ज्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे त्यांच्याकडे मात्र थर्माकोलची पेटी आणि चार भोके आहेत. ती पेटी विकणाऱ्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी आत आकड्यांचा शोभिवंत डबा देण्याऐवजी कापडी वातीचा एक साधा तापमापक द्यावा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मराठीत ठळक छापावे: अठराव्या दिवसानंतर भोके बुजवू नका, झाकण उघडू नका, पाण्याचा पृष्ठभाग वाढवा. तोवर पेटी घेणाऱ्याने निदान अंडी पहिल्या दिवशी तोलून तो आकडा तारखेसह लिहून ठेवावा.